हातभर सरकवलेला कंदील

आमच्याकडं कंदील एकच. भाजीपाल्याचा मळा होता. सांज झाली की मी आणि माझी धाकटी बहीण ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो, सकाळच्या मोटारीनं माल मेहकरच्या बाजारात जायचा. माय कंदील दोघींपासून हातभर, बरोबर मध्ये ठेवायची. माझी शाळा सुटलेली, पण वाचायचं वेड सुटलं नव्हतं. मायची पाठ फिरली की बहिणीचंच चौथीचं पुस्तक मांडीवर घ्यायची आणि कंदील पार गुडघ्याशी ओढायची.

"बाई, मले दिसून नाही राह्यलं," धाकटी म्हणायची.

"दोन हातावर तर हाय. उजेड काय पळून गेला व?"

ती बिचारी चाचपून जुड्या बांधायची.

एकदा बाबांनी बाजारातून परत आलेल्या जुड्या ओसरीवर टाकल्या. आत गवत, पिवळी पानं. "गिऱ्हाईक म्हणते, मेथी देऊन राह्यला का म्हशीचा चारा?" जुडी कोणाची ते गाठीवरून कळायचं. मी एकेरी गाठ मारायची, ती दुहेरी. सगळ्या दुहेरी गाठीच्या निघाल्या.

माय म्हणाली, "पोरीचे डोळे अधू हायेत. पुस्तकानं अजून जातीन."

झालं, पाचवीत तिचं नाव घातलं नाही. ती रडली. मी तिथंच बसले होते, तिचं पुस्तक मांडीखाली लपवून. सांगितलं असतं तर फार तर दोन रट्टे बसले असते. नाही सांगितलं.

पुढं खूप वर्षांनी नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं की अंतर दुप्पट झालं तर उजेड अर्धा नाही, पाव उरतो. मला पटेना. मग दिव्यापासून हातभर अंतरावर पोस्टकार्ड धरलं. दोन हातांवरच्या भिंतीवर त्याची सावली चार पोस्टकार्डांएवढी पडली. म्हणजे एका कार्डाचा उजेड तिथं चार कार्डांत वाटला जात होता. आणि मी तिला म्हणत होते, उजेड पळून गेला का.

परवा देऊळगाव राजाला तिच्याकडं गेले, सांगायचंच म्हणून. ती बिनचष्म्यानं सुई ओवत होती. मी म्हटलं, "तुझे डोळे चांगले हायेत व."

"तवाबी चांगलेच होते, बाई," ती म्हणाली, आणि सरकून मला दिव्याजवळ जागा दिली.