फुलपाखरावरची सावली

गच्चीतल्या कढीपत्त्यावर आज सकाळी एक फुलपाखरू नुकतंच कोशातून बाहेर आलं होतं. पंख अजून ओले आणि चुरगळलेले होते. मी कॅमेरा घेऊन जवळ गेलो. थेट उन्हात त्याच्यावरचे पिवळे ठिपके फोटोत पांढरेफटक दिसत होते, म्हणून नेहमीसारखा एका हाताने पातळ पंचा उन्हाच्या आड धरला. उजेड लगेच मऊ झाला. श्वासानेसुद्धा फोटो हलतो, त्यामुळे श्वास रोखून मी कितीतरी वेळ फोटो काढत राहिलो.

कपडे वाळत घालायला आलेली बायको म्हणाली, "अहो, त्याला पंख वाळवायचेत. तुम्ही सावली कसली धरून बसलाय?"

मी पंचा झटकन खाली घेतला. पंख तसेच चुरगळलेले होते. त्याचं किती ऊन मी अडवलं, कोण जाणे. मुलीला बारावीपर्यंत एकटीला बसने जाऊ दिलं नव्हतं, ते उगाचच आठवलं. तेव्हाही मला वाटायचं, ती माझ्या नजरेसमोर किती छान दिसते.

आता ती परगावी असते. तिचा फोन आला नाही की मी असाच श्वास रोखून बसतो.

बराच वेळ गेला. एक पंख किंचित थरथरला की मला भास झाला, कळेना. नीट बघायला म्हणून मी पुढे वाकलो, आणि माझ्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडली.