त्यांच्या तांब्यातलं पाणी

दौऱ्यावर तब्येत कशी सांभाळायची, हे मला विचारू नका. त्या विषयाचं पत्रक मीच लिहिलंय आणि त्यातला एक शब्द मी पाळला नव्हता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. राधानगरीच्या वरच्या अंगाला वाड्यावस्त्यांवर कावीळ आली होती. पंचायतीत पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पोती ओल लागून दगड झालेली, आणि विहिरीत पावडर टाकायला कुणाला सवड नाही. आम्ही पत्रक काढलं. पाणी वीस मिनिटं उकळून प्या. खाली ठळक अक्षरात, आरोग्य हा हक्क आहे, भीक नाही. हे वाक्य माझं. त्याचा मला फार अभिमान होता. सकाळच्या एसटीनं मी आणि ताई पत्रकं वाटायला कोल्हापुरातून निघायचो. ताई आमच्या संघटनेतली जुनी कार्यकर्ती, आंदोलनापायी कळंब्याच्या तुरुंगात दोनदा जाऊन आलेली.

पहिल्या दौऱ्याला आईनं माझ्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली घातली. आम्ही मास्तरांच्या घरातले. गावाबाहेरच्या वस्तीत पहिल्याच घरी एका मावशींनी तांब्याभांडं पुढं ठेवलं, आणि मी बाटली काढून घोट घेतला. सवयीनं. मावशी तांब्या उचलून आत गेल्या आणि नंतर दाराच्या पलीकडंच बसून राहिल्या.

परतताना एसटीत ताईनं मला धारेवर धरलं. त्या वस्तीत पाणी नाकारण्याचा एकच अर्थ होतो, तो त्यांना पिढ्यानपिढ्या पाठ आहे, तुझ्या पोटाचं कौतुक तिथं सांगू नकोस, असं बरंच. तिचं खरं होतं. त्या दिवसापासून नियम केला, कुणाच्या घरचं पाणी नाकारायचं नाही. बाटली माळ्यावर गेली.

मग मी पीत सुटलो. घरोघर. गुळाचा खडा तोंडात टाकून, भांड्याला ओठ लावून, सगळ्यांना दिसेल असं. त्या मावशींच्या घरी दर खेपेला दोन भांडी. मावशी खूश. सुनेला म्हणायच्या, "आणि वत गं, पावण्याच्या पोटात विहीर हाय." सून तोंडाला पदर लावून हसायची. तिला सातवा चालू होता. ताई दर वेळी बजावायची, पोटुशी बाईला कावीळ झाली तर जिवावर बेततं, हिला तरी उकळूनच द्या. मावशी मान हलवायच्या. मी शेजारी बसून दुसरं भांडं रिकामं करत असायचो.

आणि मलाच कावीळ झाली. सहा आठवडे अंथरुणात ताकभात खात पडलो. भेटायला कुणी आलं की सांगायचो, लोकांच्या घरचं पाणी प्यायलो म्हणून झाली. बिल्ला मिळाल्यासारखं सांगायचो.

बरा झाल्यावर एकटाच त्या वस्तीत गेलो. ओट्यावर सून बसली होती. पोट नव्हतं आणि मांडीवर बाळही नव्हतं. मावशींनी थोडक्यात सांगितलं. मी अंथरुणाला खिळलो त्याच सुमारास हिचेही डोळे पिवळे झाले. वडापच्या भाड्याच्या जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेली. ती वाचली, पोर वाचलं नाही.

माझ्याकडं वाक्यं तयार होती. पंचायत, दगड झालेली पोती, मोर्चा. मी सुरूही केलं. ते सगळं खरंच होतं, आजही आहे. मावशींनी पुरतं बोलू दिलं.

"कागदात लिवलंय त्ये खरं हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग तुमी का पीत हुतासा?"

मी सांगितलं. पहिल्या दिवसाची बाटली, त्यांचं आत जाणं, पुन्हा त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"वाईट वाटलं हुतं की. पर मागनं तुमी दोन दोन भांडी प्यालासा. आमी म्हटलं, एवढं शिकल्यालं पोरगं पितंय, म्हंजे कागद नुसता वाटायचा असतोय. रोजचं जळण आणायचं कुठनं?" मावशींनी सुनेकडं बघितलं. "उकळून द्या मावशी, असं म्हनायचं हुतं. मी न्हाय म्हटलं असतं व्हय?"

सून ऐकत होती. मला तिच्याकडं बघवेना. वीस मिनिटं लिहिताना लाकडाचा भारा कुणाच्या डोक्यावर येतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. ताईनंही नव्हतं.

"उकळून द्या मावशी," मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं.

मावशींऐवजी सूनच उठली. चुलीवर पातेलं ठेवलं. लाकडं ओली होती, घरभर धूर झाला. मी फुंकर घालायला गेलो तर मावशींनी खाली बसवलं. उकळायला वेळ गेला, निवायला त्याहून जास्त. खाली वळणावर माझी एसटी हॉर्न देऊन गेली. पिशवीत आणखी चार वस्त्यांची पत्रकं तशीच होती.

सुनेनं दोन भांडी भरली. एक माझ्यासमोर ठेवलं, दुसरं हातात धरून तिथंच बसली. पाण्याला धुराचा वास होता आणि ते अजून कोमट होतं. ती प्यायली. मग मी प्यायलो. त्या दिवशी माझं तेवढं एकच घर झालं.