बिनआवाजाची कोंबडी

घर भाड्याने घेताना एजंटने आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "नॉनव्हेज खाता का?" हे तिन्ही प्रश्न एकच होते, हे समजायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. मी तर वाचलीही होती. "खातो. रविवारी," मी म्हणालो. रविवार का जोडला कोण जाणे. जणू आठवड्यातून एकदाच केला की गुन्हा लहान होतो. नेरूळचं ते घर आम्हाला मिळालं, अकरा महिन्यांच्या करारावर. प्रत्येक वेळी करार नवा करताना सोसायटीचं संमतिपत्र लागायचं.

काही वर्षं काहीच अडलं नाही, कारण कोंबडी दुकानातूनच तुकडे होऊन यायची. दुकानदार मोबाइल खांद्याने कानाशी दाबून सत्तूर चालवायचा. हाड जिथे येईल तिथे तुटायचं. एका रविवारी त्यातली सुईएवढी किरच बायकोच्या घशात अडकली. डॉक्टरांनी ती चिमट्याने काढली आणि कापसावर ठेवून दाखवली. परतताना रिक्षात मी जाहीर केलं, की यापुढे कोंबडी अख्खी आणायची आणि घरी मी कापायची. बायकोला बोलता येत नव्हतं, त्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

मी कुठलीही गोष्ट आधी अभ्यासतो आणि मग करतो, त्यामुळे ती उशिरा होते आणि चुकते. मी व्हिडिओ पाहिले. पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ चार घावांत कोंबडी मोकळी करत होता. मी बाजारातला सगळ्यात मोठा सत्तूर आणि चिंचेच्या लाकडाचा ओंडका आणला. माझे चार घाव कुठे संपले ते कळलं नाही. हात चुकत गेला तसा जोर वाढवत गेलो. ओट्यावरचे डबे नाचले, कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली, रस्सा कडूजहर झाला. किरचा तर दुकानदारापेक्षा जास्त निघाल्या.

तिसऱ्या रविवारी दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे. ज्या खोलीत पाण्याच्या पंपाची चावी राहते, तिथे ह्यांच्या टेबलावर ह्यांच्या नावाची पितळी पाटी आहे. कमिटीचं काम असलं की ते गळ्यात ओळखपत्र अडकवतात. त्या दिवशीही होतं.

"सर, तक्रार आहे. काहीतरी ठोकाठोकी चाललीय म्हणे."

"कोंबडी कापतोय."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "तो विषय नाही. विषय आवाजाचा आहे. कोणी काय खावं, त्यात सोसायटी पडत नाही."

"छान."

"पुढच्या महिन्यात तुमचं रिन्यूअल ना? कमिटीपुढे येईल. टेन्शन घेऊ नका. पण जरा बघा."

दार लागल्यावर बायको म्हणाली, "दुकानातून कापून आण. मी बघून खाईन."

"आणि पुन्हा अडकलं तर?"

"अडकू दे. या वयात पुन्हा घरं बघत फिरायचं? पुन्हा तेच तीन प्रश्न?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. यंदा आवाज कमी करायचा, पुढच्या वर्षी वास, आणि त्यानंतर काय कमी करायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांनी तेच करून पाहिलं होतं.

आम्ही मासळी घेतो ती मावशी जवळच्या सारसोळे कोळीवाड्यातली. बाजारात तिची जागा ठरलेली आहे. मी तिला माझ्या सत्तूराचं वर्णन सांगितलं. ती इतकी हसली, की शेजारचीचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"कोंबडीशी काय लढाई हाय का तुजी? आन हिकडं!"

मी पुढच्या रविवारी अख्खी कोंबडी घेऊन तिच्यापुढे उकिडवा बसलो. तिने तंगडी बाहेर ओढली, उलटी वाकवली. बारीकसा टक् झाला.

"हाड तोडायचंच नाय, दादा. हाडाला हाड जितं मिलतं, तितं शोदायचं. बोटानी शोद, डोल्यानी नाय. सांधा घावला की आपनच सुटतं."

मग तिने मला करायला लावलं. बोट चुकलं की मनगटावर चापट मारायची. "एवडा शिकलास, आन् गुडगा कलत नाय तुला?"

माळ्यावर आईची विळी होती, कापडात गुंडाळलेली. आमच्यात मटणाची विळी वेगळी असते, भाजीच्या विळीशी तिचा संबंध नसतो. ती काढली, पात्याला धार लावून आणली. पुढच्या रविवारी स्वयंपाकघरात पाय मुडपून बसलो आणि दोन्ही हातांनी कोंबडी पात्यावर धरली. मांडी सुटली, मग तंगडी, पंख. बरगड्यांच्या कडेने पातं सरकलं आणि छाती पाठीपासून वेगळी झाली. पित्ताची पिशवी अखंड. घरात पंख्याचा आवाज होता, तेवढाच.

बेल वाजली. तसाच उठून कोपराने दार उघडलं. ओळखपत्रासकट सेक्रेटरी.

"आज आवाज नाही आला," ते म्हणाले. सूर तक्रारीचाच होता.

"आता येणारही नाही. या ना, दाखवतो."

"नको, नको. पण काय आहे सर, कापणं म्हणजे... दुकानं आहेत ना त्यासाठी. लोकांना बरं वाटत नाही."

"कुठल्या लोकांना?"

"जनरल."

"म्हणजे आवाज नसला तरी अडचण आहे."

"अडचण असं नाही..."

"असेल तर लिहून द्या. भाडेकरू स्वतःच्या स्वयंपाकघरात कोंबडी कापतात, म्हणून संमती नाही. सही, शिक्का, तुमचं पद. मी ते कुठे दाखवायचं ते बघतो."

"असं लिहून कोण देतं, सर?"

"मग तोंडी का सांगता?"

माझे हात कोपरापर्यंत माखलेले होते, म्हणून मी दारातच उभा राहिलो. मागून बायको आली. मला वाटलं, ती आता सावरून घेणार, चहा विचारणार. तिने कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"तारीख पण टाका," ती म्हणाली.

त्यांनी पेनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग ओळखपत्र शर्टाच्या खिशात सरकवलं. "बघू," म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

कमिटी बसायच्या आधीच पत्र आलं. एका ओळीचं, काही हरकत नसल्याचं. हरकत काय होती, याचा उल्लेख त्यात नव्हता. बायकोने ते दोनदा वाचलं आणि कराराच्या फायलीत लावलं.

त्या रविवारी मी पिशवी घेऊन आलो तेव्हा विळी स्वयंपाकघरात नव्हती. तिने ती हॉलमध्ये मांडली होती, खाली वर्तमानपत्र पसरून. घराचं बाहेरचं दार सताड उघडं.

"दार लावू?" मी विचारलं.

"कशाला? आवाज येतोय का?" ती म्हणाली. "आण इकडे. आज मी कापते."