हात चांगला, पण गाव कुठलं?

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या भावांनो, आज सकाळी महाड एमआयडीसीत एका कंपनीत ट्रायल देऊन आलो.

ठेकेदाराच्या सुपरवायझरने ड्रम ठेवलेलं पॅलेट उचलायला लावलं. उचललं, वळवलं, वरच्या रॅकवर अलगद ठेवलं. "हात चांगला आहे रे तुझा," तो म्हणाला. लायसन्सही बघितलं. मला वाटलं, झालं काम.

मग त्याने विचारलं, "गाव कुठलं?"

"उमरठ. इथलंच, पोलादपूर."

त्याचा चेहराच पडला. "लोकल माणूस नको बाबा. शिमग्याला गावदेवीची पालखी दारात आली की तुम्ही गायब. गाडी उभी राहते आणि बोलणी मी खातो."

"साहेब, पालखी असली तरी ड्युटीवर येईन," मी बोललो. बोललो खरं, पण मनातल्या मनात देवीची माफी मागितली. तो नुसता हसला. "सगळे असंच सांगतात."

भिवंडीच्या गोदामात, तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, उरणच्या कंटेनर यार्डातही हेच ऐकलं होतं. "कोकणातला? म्हणजे गणपतीला गावी पळणार!" म्हणून तर गावाजवळ काम शोधायला आलो.

घरी पोचलो तर आई दारातच. "काय रे, झालं काय काम?"

"उद्या सांगतो म्हणालेत," मी म्हटलं. नाय म्हणाले, हे तोंडातून निघालंच नाय.

तिकडे गाव लांब म्हणून नको, इकडे गाव जवळ म्हणून नको. आता पुढच्या गेटवर कुणी विचारलं, तर कुठलं गाव सांगू? तुम्हीच सांगा.