घाटमाथ्याचा पॉइंट्समन

सखारामचं नाव निघालं की नथूभाऊ शेळक्यांच्या कपाळाला आठी पडायची. जळायचे हो, दुसरं काय!

खंडाळ्याच्या अंगाला असलेल्या त्या जुन्या दगडी स्टेशनात आता गाड्या फारशा थांबत नाहीत. वेटिंग रूममध्ये कॉफीचं दुकान आलंय, रूळ-सिग्नल सांभाळायच्या केबिनीचं संग्रहालय झालंय. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी येतात, आणि त्यांना माहिती सांगायला कोण? तर सखाराम! जन्मभर सिग्नलच्या दिव्यांत तेल घालत फिरलेला!

रूळ बदलायचा लिव्हर ओढला तो पॉइंट्समन नथूभाऊंनी, एकतीस वर्षं. घाट उतरणारी गाडी इथं आधी थांबलीच पाहिजे. न थांबता आली, तर रूळ तिला चढावर जाणाऱ्या बाजूच्या फाट्यावर नेऊन अडवायचे. तिनं थांबून शिट्टी दिली, की मगच नथूभाऊ लिव्हर ओढून तिला घाटात सोडायचे. यात घाई झाली असती तर शेकडो जीव दरीत गेले असते.

"त्याला बोलता येतं, तुमाला न्हाई. का जीव जाळताय?" मुक्ताबाई म्हणायच्या. बायकोचं हे ऐकलं की नथूभाऊंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी मात्र राहवेना. ठेवणीतला सदरा घालून ते तडक केबिनीत शिरले आणि वीस-पंचवीस माणसांपुढं म्हणाले, "सखाराम, बाजूला हो. ह्ये काम माजं व्हतं. मी सांगतो."

सखाराम मुकाट बाजूला झाला. वर मेल्यानं बसायला खुर्चीही दिली! सगळ्यांचे मोबाइल नथूभाऊंकडं वळले.

नथूभाऊंनी घसा खाकरला. "गाडी यायची. थांबायची. शिट्टी द्यायची. मग मी सोडायचो."

"मग?" एका बाईंनी विचारलं.

"मग दुसरी यायची."

"कधी अपघात वगैरे?"

"न्हाई. कायबी झालं न्हाई."

मोबाइल खाली गेले. दोघं-तिघं कॉफीकडं निघाले.

"अवो मंडळी, थांबा की!" सखाराम पुढं आला. "एकतीस वर्षं! बाहेर धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसंना. तरी ह्या माणसाच्या पाळीत एक डबा घसरला न्हाई. कायबी झालं न्हाई म्हंतोय ना, त्येच तर त्याचं काम व्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकूण एक टाळी नथूभाऊंच्या कामाला होती, आणि एकूण एक माणूस बघत होता सखारामकडं.