अर्ज तिचा, भीती माझी

शीला गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली औषधांच्या रांगेत उभा होतो. मुलगी जिना उतरून आली, तिने माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी काढून घेतली... आणि मला कळलं. लिहायला लाज वाटते, पण आधी आलं ते दुःख नव्हतं, भीती होती. बत्तीस वर्षांच्या संसारात घाबरायचं काम माझं आणि पुढे होऊन बोलायचं तिचं, अशी आमची वाटणीच होती.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. जबलपुरात मी संरक्षण कारखान्यात, ती सरकारी शाळेत शिक्षिका. आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, हे कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते अंगात इतकं मुरलं, की भाजीवाल्याने "आज छुट्टी है क्या?" विचारलं तरी मी उत्तर टाळायचो. शीलाला मात्र विचारल्याशिवाय राहवत नसे.

दोघेही निवृत्त झाल्यावरची गोष्ट. गल्लीत नळाला पिवळट, वास मारणारं पाणी येऊ लागलं. शेजारच्या दुबेंच्या सुनेला सातव्या महिन्यात कावीळ झाली. ती वाचली, बाळ वाचलं नाही. शीला वॉर्ड ऑफिसात गेली आणि पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. बाबू म्हणाला, "मैडम, रिपोर्ट बनती तो है, पर वो अंदर की चीज़ है." घरी येऊन ती पायरीवरच बसली. "पाणी बाहेर येते, अन् रिपोर्ट अंदर काहून राहते?" दुसऱ्या दिवशी तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. वर्षभराचे रिपोर्ट द्या, आणि पुढचे दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लावा.

आठवड्याभरात एका दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस आला. शीला आत होती. फाटकाशी उभा राहून तो फार गोड बोलला. "अंकलजी, आप सुबह अधारताल की तरफ घूमने जाते हैं न? अकेले ही जाते हैं?" एवढंच. हसला आणि गेला. मी शीलाला काही सांगितलं नाही. गुडघा दुखतो म्हणून फिरणं बंद केलं. चौथ्या दिवशी मी तिच्या नावाने पत्र लिहिलं, की तब्येत बरी नसल्यामुळे अर्ज मागे घेत आहे. खाली तिची सही केली आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन दिलं.

महिना उलटला, उत्तर आलं नाही. तिने अपील केलं. सुनावणीला मला सोबत नेलं, नाही म्हणायला तोंड कुठे होतं? साहेबांनी ते पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने चष्मा लावला आणि खालची सही पाहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "साहब, दस्तखत मेरे पति के हैं. डर भी उन्हीं का है. अर्ज़ी मेरी है."

परतताना ऑटो घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "भीती वाटून राहिली होती तर मले सांगायचं होतं. ऑफिसले काहून सांगितलं?" मी त्या माणसाबद्दल सगळं सांगितलं. तिने माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. "मलेही वाटते जी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे मला ठाऊकच नव्हतं...

दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या घराघरात जाऊन तो माणूस कसा आला, काय बोलला, ते सांगितलं. "ही गोष्ट आपल्या दोघांत राहिली तर आपण दोघंच राहू," ती मला म्हणाली. तो माणूस पुन्हा दिसला नाही. रिपोर्ट मिळाले. आमच्या गल्लीचं पाणी चार महिने पिण्यालायक नव्हतं, हे कागदावर आलं. पाइप बदलला, ऑफिसबाहेर फळा लागला. दोन उन्हाळे त्यावरचा रिपोर्ट दर महिन्याला बदलत राहिला, कारण ती दर महिन्याला जाऊन पाहत होती. मग तिचं हृदय थकलं.

ती गेल्यानंतर तेराव्या आठवड्यात मी वॉर्ड ऑफिसावरून जात होतो. फळ्यावर ती असतानाचाच कागद होता, उन्हाने पिवळा पडलेला. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी नव्या रिपोर्टसाठी अर्ज लिहिला. अक्षर इतकं हललं, की दोनदा फाडून पुन्हा लिहावा लागला. बाबू तोच होता. "अंकल, ये तो आंटी का काम था. आपको क्या लेना-देना?"

"पानी तो मैं भी पीता हूँ," मी म्हणालो. आवाज चिरकला, पण निघाला.

तिची निळी फाइल अजून जेवणाच्या टेबलावर, ती बसायची त्या बाजूला असते. सगळे कागद तारखेवार, कडेला तिच्या बारीक पेन्सिलीच्या खुणा. सगळ्यांत वर आता माझ्या अर्जाची पोच आहे. उत्तराला तीस दिवस असतात, आज अकरावा. सकाळी चहा घेताना मी फाइल उघडतो, पोच पाहतो आणि तिच्याच पेन्सिलीने एक खूण करतो.