ओली राख आणि नऊची बस

"गडचिरोलीले कोनी फिरायले जाते काय?" ऊर्जानगरच्या साडूनं विचारलं.

"मी जातो," म्हटलं, आणि सप्टेंबरातल्या शनिवारी बल्लारपुरातून मोटारसायकल काढली. एके काळी सायकलला पाना-पक्कड बांधून, गावोगावच्या गॅस शेगड्या दुरुस्त करत मी दुकान उभं केलंय. मला रस्त्याचं भ्या कोण दाखवणार?

गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. तिथं पाचशेत खोली मिळते, गरम पाण्याची बादली मागावी लागते. पेट्रोलची टाकी तिथंच भरून घ्या. पुढं सिरोंच्याकडं ताशी तीसचा वेग, तोही दात आवळून. दोन्ही बाजूंना साग असा उभा की खड्ड्यांचा राग येत नाही.

रात्रभर पाऊस. रविवारी सकाळी आठला एका फाट्यावर शकूनबाईंच्या टिनाच्या हॉटेलात शिरलो. साठीची बाई, कमरेवर हात.

"बसा भाऊ. पन च्या नाई. चूल मेली."

रोज रात्री त्या निखारे राखेत पुरतात आणि सकाळी फुंकून जागे करतात. त्या रात्री टिन गळलं ते नेमकं चुलीवर. नऊला सिरोंच्याची बस, आणि समोर राजन्नाची नवी टपरी, गॅसवाली.

"गाडी एकदा तिकडे लागली का तिकडचीच झाली," बाई म्हणाल्या.

"सरका बाई. आयुष्यभर लोकायचे गॅस पेटवले मी."

चूल लाकडांनी ठासून भरली. काडीमागून काडी ओढली. नुसता धूर. मग कोपऱ्यातल्या बांबूचं अख्खं पेर आत सारलं आणि कशाबशा धरलेल्या जाळावर फुंकर मारत बसलो. पेरात हवा कोंडलेली असते, हे बल्लारपूरच्या माणसाला कोण सांगणार? फाट! राख तोंडावर, अर्धी भुवई गेली, जाळही गेला.

"बांबू फोडून घालतेत, साहेब!" बाई हसू दाबत म्हणाल्या.

रस्त्यापलीकडून राजन्ना ओरडला, "बाई, च्याचा गंज इकडे आना! माह्या गॅसवर उकळून देतो!"

"तुह्या गॅसचा च्या माह्या बाकड्यावर? राहू दे!"

"काऊन हट्ट करून राह्यली? बस येऊन राह्यली!"

"येऊ दे!"

मी हळूच म्हटलं, थोडं पेट्रोल काढू का गाडीतलं? बाईंनी असं पाहिलं की मी खाली बसलो. "च्याले वास लागन. आनं हे चुलीचं तोंड कोनं बुजवलं? तिनं दम कुठून घ्यावा?"

तेव्हा माझं डोकं चाललं. शेगडीत हवेचं भोक बुजलं की मी तारेनं ते मोकळं करतो. इथं तर मीच बुजवलं होतं. लाकडं ओढून काढली, ओली राख तळापर्यंत खरवडली. बाईंनी चुलीच्या एका अंगाला, गळत नव्हतं तिथं टांगलेली मोहफुलांची टोपली खाली घेतली, फुलं पदरात ओतली आणि टोपली गुडघ्यावर मोडली. धुरानं वाळलेल्या कामट्या कडकड तुटल्या.

"चांगली टोपली होती, बाई."

"बुरडाकडे अजून हायेत. बस एकच हाये."

कामट्या मोकळ्या रचल्या, एक काडी लागली. फुंकणी बाईंनी मला दिली नाही. चुलीनं जाळ धरला आणि बाहेर हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं राजन्नाकडं पाहिलं, मग बाईंच्या टिनावरून निघणाऱ्या धुराकडं, आणि गाडी डावीकडं, बाईंच्या दारात घेतली.

"बाई, आज उशीर?"

"उशीर तुह्या बसले झाला. बस, उकळते."

सिरोंच्याला गोदावरी पाहिली, मासा-भात खाल्ला, तेलुगूत दोन शिव्या शिकलो. परतताना मंगळवारी पुन्हा त्या फाट्यावर थांबलो. म्हटलं, बाई, दुकानातली शेगडी आणून देतो, फुकट.

"सिलिंडर संपला त कोनाच्या तोंडाकडे पाहू? वाळल्या काड्या माह्या मी येचीन. द्यायचंच असन त टिन नीट करून दे."

टिनावर चढलो. भोक बुजवलं, वर पत्र्याचा तुकडा ठोकला. खालून राजन्ना सूचना देत होता, बाई त्याला गप्प करत होत्या.

घरी बायकोनं भुवई पाहून विचारलं, "फिराले गेलते का भांडाले?" दोन्ही, म्हटलं. साडू अजून म्हणतो, तिकडं पाहण्यासारखं काय आहे. मी सांगत नाही. ज्याला पाहायचं त्यानं जावं. भुवई आली परत. पण बल्लारपुरात पाऊस लागला की माझं लक्ष त्या पत्र्याकडं जातं. तुम्ही गेलात तर बसच्या आधी पोचा, चहा घ्या आणि चुलीवरचं टिन तेवढं पाहा. गळत असेल तर कळवा. मी निघतोच.